रूळ जागेवर ठेवणारा माणूस

लहान मुलाला आगगाडीचे चित्र काढायला सांगा. ते आधी इंजिन काढील, त्यावर धुराचे भेंडोळे काढील, मग डबे, डब्यांना खिडक्या, खिडक्यांत माणसे. रूळ येतात ते अगदी शेवटी, दोन आडव्या रेघा मारून. त्या रेघांखाली काही असते, हे तर मोठ्यांनाही सहसा आठवत नाही. पण गाडी चालते ती रुळांच्या भरवशावर आणि रूळ टिकतात ते त्यांना धरून ठेवणाऱ्या वस्तूंच्या भरवशावर. शेकडो टनांची गाडी धडधडत जाते तेव्हा ती रुळाला खाली दाबते, चाकाच्या पुढेमागे किंचित वर उचलते, आणि वळणावर बाहेर ढकलते. दोन रुळांमधले अंतर थोडेसे वाढले तरी चाके खाली उतरायला वेळ लागत नाही. म्हणून रूळ कशावर ठेवायचा आणि त्याला धरायचे कशाने, हा प्रश्न इंजिनापेक्षाही जुना आहे.

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर डोक्यात वागवला, त्याचे नाव जॉर्ज स्टीफन्सन. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला आगगाडीचा जनक म्हणून ओळखतो. खरे तर रुळांवरून धावणारे वाफेचे इंजिन त्याच्या आधी, १८०४ मध्ये, रिचर्ड ट्रेव्हिथिकने वेल्समध्ये चालवून दाखवले होते. ते इंजिन चालले. खालचे बिडाचे रूळ मात्र त्याच्या वजनाने तडकले. ट्रेव्हिथिकचा प्रयोग फसला तो इंजिनामुळे नव्हे, रस्त्यामुळे. स्टीफन्सनचे मोठेपण असे, की इंजिन आणि रूळ ही एकाच संसाराची दोन माणसे आहेत, एकाला सोडून दुसऱ्याचा विचार करता येत नाही, हे त्याने फार लवकर ओळखले.

दारावरून जाणारी लाकडी वाट

जॉर्जचा जन्म ९ जून १७८१ चा. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, टाइन नदीच्या काठी वायलम नावाचे कोळसा खाणीचे गाव आहे, तिथला. बाप खाणीतले पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. एका घरात चार कुटुंबे, आणि स्टीफन्सन मंडळींच्या वाट्याला एक खोली. दारासमोरूनच लाकडी रुळांची वाट जाई आणि तिच्यावरून घोडे कोळशाच्या गाड्या ओढत नेत. रांगणाऱ्या पोरांना त्या घोड्यांच्या टापांपासून सांभाळणे हे घरातल्या मोठ्या भावंडांचे काम. जन्मल्यापासून रूळ पाहिले असे म्हणता येईल असा हा बहुधा पहिलाच रेल्वे इंजिनिअर!

शाळेत जाण्याइतके पैसे घरात नव्हते. जॉर्ज आधी शेजारणीच्या गाई राखू लागला, मग खाणीवर घोडे हाकू लागला, मग बापाच्या हाताखाली भट्टीवर लागला. सतराव्या वर्षी तो एका पंपाच्या इंजिनाचा चालक झाला. म्हणजे बापाच्याही वरचा. पण त्याला स्वतःची सही करता येत नव्हती. इंजिनांबद्दल पुस्तकांत काहीबाही लिहिलेले असते असे त्याच्या कानावर आले, तेव्हा अठराव्या वर्षी त्याने रात्रशाळेत नाव घातले. दिवसभर बारा बारा तास काम आणि रात्री पाटी. हिशेबाची उदाहरणे तो इंजिनाच्या धगीजवळ बसून सोडवी.

१८०२ मध्ये त्याने फॅनी हेंडरसनशी लग्न केले. पगार अपुरा पडे म्हणून तो शेजाऱ्यांचे जोडे शिवी, घड्याळे दुरुस्त करी. १८०३ मध्ये मुलगा रॉबर्ट झाला. त्यानंतर झालेली मुलगी तीन आठवड्यांत गेली, आणि १८०६ मध्ये क्षयाने फॅनीही गेली. पंचविशीतला हा माणूस तान्ह्या पोराला मागे ठेवून कामासाठी स्कॉटलंडला गेला. काही महिन्यांनी परतला तो बापाला खाणीतल्या अपघातात अंधत्व आले होते म्हणून. आईबापांचे कर्ज फेडायचे, मुलाला वाढवायचे, आणि त्यातच लष्करात नाव निघाले तेव्हा बदली माणूस देण्यासाठी होते नव्हते ते पैसे मोजायचे. त्या काळात देश सोडून अमेरिकेला जावे असेही त्याच्या मनात येऊन गेले. भाड्यालाही पैसे नव्हते, म्हणून राहिला.

दैव फिरले ते १८११ मध्ये. किलिंगवर्थच्या एका खाणीवरचा पंप वर्षभर नीट चालत नव्हता. जाणकार म्हणवणारे हात टेकून गेले होते. जॉर्जने तो उघडला, दुरुस्त केला आणि खाण कोरडी करून दाखवली. पुढच्याच वर्षी, १८१२ मध्ये, खाणमालकांनी वर्षाला १०० पौंडांवर त्याला सगळ्या इंजिनांचा मुख्य कारागीर नेमले.

आपल्याला जे मिळाले नाही ते मुलाला मिळावे, ही त्याची एकच हौस. रॉबर्टला त्याने न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले आणि जायला-यायला एक गाढव घेऊन दिले. मुलगा शाळेतून आणि तिथल्या ग्रंथालयातून जे शिकून येई ते रात्री बापाला समजावून सांगे. कोण कोणाचा गुरू हे सांगणे कठीण व्हावे अशी ती शिकवणी! १८१६ मध्ये बापलेकांनी मिळून घराच्या दारावर एक सूर्यघड्याळ बसवले. आकाशाचे गणित मुलाचे, दगडावरची कारागिरी बापाची.

तडकणारे बीड

१८१४ मध्ये जॉर्जने किलिंगवर्थला आपले पहिले इंजिन चालवले. ब्लूशर हे त्याचे नाव. चढावर ३० टन ओझे ताशी चार मैलांनी त्याने ओढले. पण आता ट्रेव्हिथिकपुढे जी अडचण आली तीच याच्यापुढे उभी राहिली. रूळ होते बिडाचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड; दाब सोसते, पण हादरा बसला की काचेसारखे तडकते. एकेक तुकडा तीनचार फुटांचा. तो दोन टोकांना दगडांवर टेकवलेला. दगड जरा खचला, तिरपा झाला, की एका रुळाचे टोक वर आणि दुसऱ्याचे खाली. इंजिनाचे चाक त्या पायरीवर आदळे. त्या एका धक्क्यात रूळही मोडे आणि इंजिनाचाही एखादा भाग.

दुसरा कोणी असता तर त्याने इंजिन हलके करण्याचा नाद धरला असता. जॉर्ज वाकून खाली पाहू लागला. विल्यम लॉश नावाच्या न्यूकॅसलच्या कारखानदाराबरोबर त्याने १८१६ मध्ये एक पेटंट घेतले. त्यात दोन युक्त्या होत्या. एक, रुळांची टोके समोरासमोर न भिडवता अर्धी अर्धी कापून एकमेकांवर चढवायची. म्हणजे चाक एका रुळावरून दुसऱ्यावर अलगद सरकते. दुसरी युक्ती रूळ जिच्यात बसतो त्या लोखंडी बैठकीची. रेल्वेच्या भाषेत तिला खुर्ची म्हणतात. तिचा तळ त्याने किंचित गोलाकार केला. खालचा दगड तिरपा झाला तरी रूळ मध्यावरच टेकलेला राही. आणि रूळ या खुर्चीत धरला जाई तो आडव्या खुंटीने. रुळाला खिळा ठोकायचा नाही. खिळे ठोकायचे ते खुर्चीला, खाली दगडात.

ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते, पण पुढच्या दोनशे वर्षांचे बीज तिच्यात आहे. खिळा थेट रुळाला धरतो तेव्हा गाडीचा प्रत्येक हादरा खिळ्याला वर खेचतो. आज ना उद्या तो सैल होतो. उलट रूळ एखाद्या लोखंडी जबड्यात बसवला आणि पाचरीने आवळला, तर सैल झालेली पाचर हातोड्याच्या एका ठोक्यात पुन्हा घट्ट करता येते.

याच सुमारास, १८१५ मध्ये, जॉर्जने खाणीत स्फोट न होऊ देणारा दिवाही बनवला आणि पेटलेला दिवा हातात घेऊन स्वतः वायूच्या तोंडाशी गेला. त्याच वेळी लंडनमध्ये थोर शास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने तसाच दिवा तयार केला. डेव्हीला २,००० पौंडांचे बक्षीस मिळाले आणि जॉर्जवर चोरीचा आळ आला. खाणीवरचा एक अडाणी कारागीर असा दिवा बनवूच कसा शकतो, असा तो युक्तिवाद. उत्तरेकडच्या लोकांनी मात्र वर्गणी काढून आपल्या माणसाला १,००० पौंड दिले. पुढे १८३३ मध्ये पार्लमेंटच्या समितीनेही त्याचा हक्क मान्य केला. पण शिकलेल्या लोकांबद्दलचा डंख जॉर्जच्या मनात राहिला तो कायमचा.

स्वतःच्या पेटंटवर पाणी

आता त्याच्या आयुष्यातला असा प्रसंग, जो इंजिनांच्या गोष्टींत झाकला जातो.

एडवर्ड पीज हा डार्लिंग्टनचा लोकरीचा व्यापारी. त्याच्या पुढाकाराने स्टॉकटन ते डार्लिंग्टन अशी रेल्वे बांधायचे ठरले आणि १८२१ मध्ये पार्लमेंटने परवानगी दिली. काम जॉर्जकडे आले. साहजिकच रूळ त्याच्याच पेटंटचे घातले जाणार, हे सगळे धरून चालले होते. मैलोगणती रूळ, आणि त्यांवर पेटंटचा पैसा.

पण मधल्या काळात, १८२० मध्ये, बेडलिंग्टनच्या कारखान्यातल्या जॉन बर्किनशॉने घडीव लोखंडाचे रूळ लाटून काढण्याची रीत शोधली होती. पोळी लाटावी तसे तापलेले लोखंड रुळांच्या आकाराच्या लाटांमधून काढायचे. असा रूळ १५ फूट लांब होई, म्हणजे सांधे कमी. तो हादऱ्याने वाके, पण तडकत नसे. जॉर्जने तो पाहिला, आणि आपला रूळ मागे पडला हे त्याच्या ध्यानात आले. त्याने कंपनीला शिफारस केली ती बर्किनशॉच्या रुळांची. स्वतःच्या पेटंटची नाही.

यात त्याने जवळजवळ ५०० पौंडांवर पाणी सोडले, असे सॅम्युएल स्माइल्सने १८५७ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रात म्हटले आहे. म्हणजे खाणीवरच्या नेमणुकीच्या वेळचा पाच वर्षांचा पगार. पैशापेक्षाही मोठी किंमत मैत्रीची होती. लॉशने त्याला पडत्या काळात नव्हे, पण चढत्या काळात हात दिला होता. त्याच्या कारखान्यात जॉर्जला आठवड्यातून दोन दिवसांच्या कामाचे वर्षाला १०० पौंड मिळत. लॉशला हा विश्वासघात वाटला. दोघांचे फाटले. कंपनीच्या संचालकांनी मधला मार्ग काढला, बहुतेक रूळ घडीव लोखंडाचे घेतले आणि थोडे बिडाचे. २७ सप्टेंबर १८२५ रोजी ती रेल्वे सुरू झाली तेव्हा एकाच वाटेवर दोन्ही जातींचे रूळ होते. काळाने निवाडा घडीव लोखंडाच्या बाजूने दिला.

लॉशची बाजूही समजून घेतली पाहिजे. भागीदाराने न विचारता दुसऱ्याचा माल उचलून धरावा, हे कोणत्याही कारखानदाराला झोंबणारच. पण रुळावर उद्या माणसे बसून जाणार होती. दिव्याच्या श्रेयासाठी ज्या माणसाने देशातल्या सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञाशी पंगा घेतला, त्यानेच रुळांच्या बाबतीत श्रेय आणि पैसा दोन्ही सोडून दिले, हे विसरून चालणार नाही.

चिखलावर तरंगणारी वाट

याचा अर्थ जॉर्ज देवमाणूस होता असा नाही. तो हट्टी होता, संशयी होता. हाताखालच्या हुशार तरुणांचे श्रेय देताना त्याचा हात आखडे. जोसेफ लॉकसारखा गुणी शिष्य त्यामुळेच दुरावला. मँचेस्टर-लिव्हरपूल रेल्वेच्या आखणीत त्याच्या माणसांनी घेतलेली मापे चुकली आणि १८२५ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे वकिलांनी त्याला अक्षरशः सोलून काढले. त्याचे उत्तरेकडचे गावंढळ उच्चार, त्याची अडखळती उत्तरे, सगळ्यांचे हसे झाले. विधेयक पडले, त्याला कामावरून दूर केले गेले. पुढच्या वर्षी परवानगी मिळाल्यावर मात्र कंपनीला पुन्हा त्याच्याच दाराशी यावे लागले.

त्या वाटेवर चॅट मॉस नावाची दलदल होती. काठी टाकावी ती आत जावी, आणि भराव घालावा तो गिळला जावा. जॉर्जने तिच्यावर झाडाझुडपांच्या फांद्यांचे विणलेले तट्टे अंथरले, वर माती-खडी टाकली आणि तिच्यावर लाकडाचे आडवे स्लीपर ठेवून रूळ घातले. दलदलीवर तराफ्यासारखी ती वाट तरंगत राहिली. संचालकांचा धीर सुटत चालला असताना हा गडी रोज माती टाकतच राहिला.

इथे एक गंमत झाली. पक्क्या जमिनीवर जॉर्जने रुळांखाली दगड घातले होते. दगडात भोके पाडायची, त्यात लाकडी गुटके ठोकायचे, आणि गुटक्यांत खिळ्यांनी खुर्ची बसवायची. हे काम कायमचे, असा समज. भरावांवर आणि दलदलीवर मात्र लाकूड, तेवढ्यापुरते. पण प्रत्येक दगड सुटा असल्याने एक खचे आणि दुसरा राही, रुळांमधले अंतर बिघडे, आणि गाडीला धक्के बसत. लाकडी स्लीपर दोन्ही रुळांना एका दावणीला बांधून ठेवी आणि हादरा पचवी. पुढच्या काळात दगड गेले आणि लाकूड राहिले. तात्पुरते होते तेच कायमचे ठरले!

१८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिलच्या शर्यतीत रॉकेट इंजिनाने ५०० पौंडांचे बक्षीस जिंकले. त्याची रचना मुख्यतः रॉबर्टची, त्यातल्या अनेक नळ्यांच्या बॉयलरची कल्पना कंपनीचा चिटणीस हेन्री बूथ याची. १५ सप्टेंबर १८३० रोजी रेल्वेचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी विल्यम हस्किसन हे खासदार रॉकेटखाली सापडून जबर जखमी झाले. जॉर्जने स्वतः दुसरे इंजिन हाकत त्यांना १५ मैल अवघ्या २५ मिनिटांत नेले. इतक्या वेगाने तोवर जमिनीवरून क्वचितच कोणी गेले असेल. तरी ते वाचले नाहीत. रुळांची ताकद आणि त्यांचा धोका जगाला एकाच दिवशी कळला.

बापाची वाट, मुलाचा हात

उतारवयात जॉर्ज चेस्टरफील्डजवळ टॅप्टन हाउसमध्ये राहिला. अननस, खरबुजे पिकवणे हा त्याचा छंद. काकड्या सरळ वाढाव्यात म्हणून तो त्यांना काचेच्या नळ्यांत वाढवी. सर ही पदवी त्याने नाकारली. १८४७ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. १२ ऑगस्ट १८४८ रोजी त्याचे निधन झाले. १९९० मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. एके काळी सही न येणाऱ्या माणसाचे!

त्याने भारत पाहिला नाही. पण त्याची वाट आपल्या दारापर्यंत आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर होता रॉबर्ट स्टीफन्सन, आणि इथे उभे राहून काम करणारा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हा रॉबर्टचाच शिष्य. नाना शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकरांनी जे स्वप्न धरले, त्याला हात लागला तो किलिंगवर्थच्या घरातला.

उष्ण देशांत लाकडाचे वैरी फार. वाळवी, पावसाची कूज आणि उन्हाची तडक. त्यामुळे स्लीपरच लोखंडाचा करावा ही कल्पना पुढे आली. रॉबर्टने इजिप्तमध्ये आलेक्झांड्रिया ते कैरो रेल्वे बांधली, तिथे वाळूत उपड्या घातलेल्या बिडाच्या वाडग्यांवर रूळ बसवले होते; समोरासमोरचे दोन वाडगे एका लोखंडी पट्टीने जोडायचे. भारतातही असे वाडगे आले, मग उलट्या पन्हाळीसारखे पोलादी स्लीपर आले, आणि पुढे भारतीय रेल्वेनेच घडवलेले सीएसटी-९ नावाचे बिडाचे स्लीपर. यांतल्या पोलादी आणि सीएसटी-९ स्लीपरांत रुळाला एकही खिळा नसे. स्लीपरच्याच अंगाला जबडा, त्यात रुळाचा पाया, आणि बाजूने ठोकलेली पोलादी चावी. खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेने चालणारा कीमन जुन्या पिढीला आठवत असेल. रोज आपल्या वाट्याची लांबी पायी तुडवायची, प्रत्येक चावीकडे पाहायचे आणि सैल दिसली की ठोकायची. कीमन हे नावच त्या चावीवरून पडले.

लोखंडी स्लीपरांनाही मर्यादा होत्या. सिग्नलसाठी रुळांतून वीज खेळवू लागल्यावर दोन रुळांना जोडणारे लोखंड अडचणीचे ठरले. वेगवान गाड्यांना आणि लांबच लांब जोडलेल्या रुळांना जड बैठक हवी होती. मग सिमेंट काँक्रीटचे स्लीपर आले. त्यांवर रूळ धरतात त्या पिळदार पोलादी क्लिपा. आपल्या स्प्रिंगच्या जोरावर रुळाला सतत दाबून ठेवणाऱ्या. खिळा तिथेही नाही.

जॉर्जची गोल तळाची खुर्ची आज कुठल्याही रेल्वेवर नाही. त्याचा बिडाचा रूळ तर त्याच्या हयातीतच त्याने स्वतः मोडीत काढला. राहिली ती त्याची पाहण्याची रीत. इंजिनाचा डौल सगळेच पाहतात. गाडी निघून गेल्यावर खाली वाकून, रूळ जागेवर आहे ना हे पाहणारा कोणीतरी लागतो. आणि आपल्या रुळापेक्षा दुसऱ्याचा रूळ चांगला असेल तर तसे सांगणाराही लागतो. रात्रीच्या गाडीत आपण निर्धास्त झोपतो, ते अशा माणसांच्या जिवावर.